वस्तीची गाडी आणि पान चारची बातमी

यंदाही सहा जानेवारीला, पत्रकार दिनाला, माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एका पतसंस्थेची डायरी. वार्ताहरकी सोडून मला चार वर्षं झाली, पण तालुक्याच्या यादीत नाव अजून आहे, त्यामुळे शाल येते. सकाळी पोंभुर्ल्याला, बाळशास्त्री जांभेकरांच्या गावी, जाऊन आलेली मंडळी व्यासपीठावर होती. भाषणांत ‘चौथा स्तंभ’ किती वेळा आला ते मोजायचं मी तिसऱ्यांदा सोडून दिलं.

बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातले, 1832 साली त्यांनी ‘दर्पण’ काढलं, हे इकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण हा माणूस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये प्राध्यापकही होता, हे भाषणांत येत नाही. म्हणजे मराठीतला पहिला संपादक वर्गातली पोरं रोज समोर बघत होता. आणि आम्ही? आम्ही कॉलेजची बातमी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पिऊन लिहायचो.

कॉलेजची बातमी कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच. ‘स्नेहसंमेलन उत्साहात’, ‘एनएसएस शिबिराचा समारोप’, प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार, खाली बारा नावं. बारा नावं म्हणजे बारा अंक जास्त खपतात. हे मी चेष्टेने लिहीत नाही, मला असंच शिकवलं होतं.

आता कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. खरं सांगतो, वार्ताहर असताना अकरा वर्षांत जेवढं कॉलेज मला कळलं नाही, तेवढं या काउंटरवर एका जून-जुलैमध्ये कळलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. बारावी सायन्सला चांगले मार्क मिळालेली एक मुलगी एफवायच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आली. एक डोळा मोबाईलवरच्या घड्याळाकडे. “काका, वायच बेगीन करा हां. वस्तीची गाडी गेली तर रिक्षाक दोनशे रुपये मोजूचे लागतले.” मी विचारलं, बीएस्सीच ना? तर म्हणाली, नाही, बीए. प्रॅक्टिकल पाच वाजता सुटतं, कॉलेजपासून स्टँड वीस मिनिटं, आणि तिच्या वाडीकडे जाणारी शेवटची, वस्तीची गाडी पाच दहाची. “बाबा म्हणतत, आर्ट्स घे, दुपारी बाराक सुटशील.” रागबिग काही नव्हता तिच्या बोलण्यात. पावसात छत्री घ्यावी इतक्या सहज तिने विषय बदलला होता.

त्यात बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो. एफवायला गेलं की एक तृतीयांश भाडं भरून महिन्याचा पास काढायचा. आकडा लहान वाटतो, पण काजूच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या घरात तो दर महिन्याला मोजला जातो. मध्यंतरी पास थेट शाळा-कॉलेजात देण्याची मोहीम एसटीने सुरू केली, चांगलं झालं. पण पास हातात आला म्हणून पाच दहाची गाडी साडेपाचला सुटत नाही.

ही बातमी नाही का? दरवर्षी मे महिन्यात आपण मथळा देतो, ‘कोकण बोर्ड राज्यात अव्वल’. 2025 ला बारावीचा निकाल 96.74 टक्के, दहावीचा 98.82. पेढे भरवतानाचे फोटो पहिल्या पानावर. त्याच मुली जुलैमध्ये कुठल्या शाखेला गेल्या, कशामुळे गेल्या आणि किती जणी गेल्याच नाहीत, हे विचारायला एकही टीव्हीचा बूमवाला वाडीवर गेलेला मी पाहिला नाही. गाडीच्या वेळेबद्दल छापून येतं ते एवढंच: कुठल्यातरी पक्षाच्या सात जणांनी आगार व्यवस्थापकांना निवेदन दिलं. फोटोत सात जण, निवेदन आणि व्यवस्थापक. त्या गाडीत बसणारी एकही नाही.

आता माझंच पाप. वार्ताहर असताना एका संस्थेची बातमी मी लिहिली होती. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांकडून आधी पूर्ण फी मागत होते, ‘सरकारचे पैसे आले की परत देऊ’ म्हणून. ज्यांनी भरली नाही त्यांच्या मार्कशीट ऑफिसात अडकल्या. त्यात एक बौद्धवाडीतला मुलगा होता, त्याची नोकरीची संधी त्या कागदापायी गेली. बातमी पाठवली. संध्याकाळी जिल्हा कार्यालयातून फोन आला, “अरे, त्यांची वर्धापनदिनाची पुरवणी आहे ना पुढच्या आठवड्यात? जरा थांबूया.” थांबलो. पुरवणी निघाली, आठ पानं. तिचं कमिशन मी घेतलं. बातमी आजपर्यंत आलेली नाही.

आमच्यातल्या बहुतेकांना पगार नसतो हे वाचकांना ठाऊक नसतं. जाहिरातीवर कमिशन, तेवढंच. आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण? पतसंस्था, पुढारी आणि शिक्षणसंस्था. बरेचदा तिन्हीकडे माणूस एकच.

कुणी म्हणेल, इथे लिहिणं सोपं नाही. नाहीच. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या विषयावर लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांची बातमी छापून आली, त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्यानंतर कित्येक महिने माझी बायको मला जुनी डायरीसुद्धा उघडू देत नव्हती. पण वारिशेंचं नाव घेऊन आपण एसटीच्या वेळेवरही गप्प बसायचं, हे मला पटत नाही. मार्कशीट का अडवली हे विचारायला तेवढी छाती लागत नाही.

कॉलेजात भित्तिपत्रक असतं. काचेत, कुलूप लावलेलं. आई, पाऊस, मैत्री. परवा मी दोन पोरांना विचारलं, त्यात गाड्यांचं वेळापत्रक आणि प्रॅक्टिकलचं वेळापत्रक शेजारी शेजारी लावाल का? ‘सर विचारतील, कुणी सांगितलं.’ मग माझ्या दुकानाच्या काचेवर लावा म्हटलं, माझी काच आहे.

काल लावलं. ए-फोर कागद, निळं स्केचपेन. डावीकडे अकरा वाड्यांच्या शेवटच्या गाड्या, उजवीकडे लेक्चर-प्रॅक्टिकल सुटण्याच्या वेळा. संध्याकाळपर्यंत खाली कुणीतरी पेन्सिलने बारावी वाडी लिहून गेलं होतं. गाडीच्या रकान्यात नुसती रेघ.