उन्हाच्या वेळी कुलूप

माझी आई 74 वर्षांची आहे आणि नाशिकला इंदिरानगरात राहते. तिच्या सदनिकेच्या खिडक्या उत्तरेला असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत घरात ऊन येत नाही, आणि निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी येते त्या दिवशी शहरातल्या घरांच्या फरशाही पावलांना चावतात. इमारतीपासून दोन मिनिटांच्या अंतरावर उद्यान आहे. ते सकाळी दहाला बंद होते आणि दुपारी चारला उघडते. म्हणजे हिवाळ्यात जेव्हा उन्हात बसावे, नेमके तेव्हाच फाटकाला कुलूप असते.

हे कुलूप काढावे की नाही, यावर परिसरातील रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर यंदा मोठा वाद झाला. आईने त्यातले निवडक संदेश मला पाठवले. एका गटाचे म्हणणे असे की, उद्यान करदात्यांच्या पैशांतून झाले आहे आणि ज्येष्ठांना, लहान मुलांच्या आयांना, घरात ऊन नसणाऱ्यांना ते दुपारी हवे आहे. दुसऱ्या गटाचे उत्तर एका वाक्याचे होते: दुपारी उघडे ठेवले की जोडपी येऊन बसतात. बाकीची कारणे, म्हणजे हिरवळीला पाणी घालण्याची वेळ, रखवालदाराची सुटी, फांद्यांची छाटणी, ही त्या एका कारणाच्या मागून आली.

मी गेली 14 वर्षे कॅनडात, माँट्रियलला राहते. तेथे जानेवारीत उणे दहा अंश ही नित्याची गोष्ट असते, उणे वीसही होते, आणि डिसेंबरात दुपारी सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. तरीही शहराच्या मध्यावरील माउंट रॉयल या डोंगरावरचे उद्यान सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत उघडे असते आणि हिवाळ्यात ते ओस पडत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी आखलेले हे उद्यान 1876 साली खुले झाले. वर जाणारा त्यांचा रस्ता इतक्या मंद चढाचा आहे की बर्फातही बाबागाडी ढकलत नेणारी माणसे दिसतात. वर बीव्हर लेक नावाचे कृत्रिम तळे आहे, जे 1930 च्या दशकात बेकारांना काम मिळावे म्हणून खोदले गेले. त्याच्या काठाशी लोक बर्फावर स्केटिंग करतात, शेजारच्या उतारावरून मुले घसरगाडीवर बसून किंचाळत खाली येतात, आणि झाडीतल्या वाटांवर पायांत लांब पट्ट्या बांधलेली मंडळी शांतपणे स्की करत जातात. जवळच एक इमारत आहे, जिच्यात बाकावर बसून बूट बदलता येतात, हात शेकता येतात आणि स्वच्छतागृहही वापरता येते. मला विचाराल तर हिवाळ्यातले ते उद्यान चालते ते या शेवटच्या गोष्टीमुळे. बर्फ तर सगळ्या शहरात फुकटच पडतो.

हे वाचून कोणाला वाटेल की परदेशस्थ बाईने पुन्हा तिकडचे गोडवे गायला घेतले. म्हणून सांगते की, पहिले तीन हिवाळे मी त्या डोंगरावर पाऊलही ठेवले नव्हते. योग्य कोट आणि बूट परवडण्यासारखे नव्हते, आणि बर्फावरून चालताना गुडघे किंचित वाकवून, पेंग्विनसारखी लहान पावले टाकायची असतात हे कोणी शिकवले नव्हते. आई एकदा फेब्रुवारीत आमच्याकडे आली, ती सहा आठवड्यांत चारदा घराबाहेर पडली आणि त्यांतल्या दोन वेळा दवाखान्यात जाण्यासाठी. तिच्या वयाची तिकडची माणसेही निसरड्यावर पडून खुब्याचे हाड मोडेल या धास्तीने वातानुकूलित बाजारसंकुलांत फेऱ्या मारतात. आपल्याकडे गोल्फ क्लबच्या मैदानावर (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचे अधिकृत नाव, पण नाशिककर जुनेच नाव घेतात) पहाटे सहाला कानटोपी घालून सत्तरीची माणसे फेऱ्या मारतात, हसतात, राजकारणावर भांडतात, तो सोहळा माँट्रियलच्या वृद्धांच्या नशिबी जानेवारीत नाही.

पण उन्हाच्या बाबतीत ज्याला मानाने पहिला पाट मिळायचा, त्या नाशिकने तो स्वतःच उचलून ठेवला आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी नाशिकला सूर्य क्षितिजापासून सुमारे 46 अंश वर असतो, तर माँट्रियलला जेमतेम 21 अंश. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण सूर्य पुरेसा वर असला तरच जमिनीपर्यंत पोचतात. माँट्रियलच्या अक्षांशावर हिवाळ्याचे काही महिने ते जवळजवळ पोचतच नाहीत, मग तुम्ही कितीही वेळ डोंगरावर काढा. आम्ही सगळे तेव्हा गोळ्या घेतो. नाशिकला ते बारा महिने मिळतात, मात्र हिवाळ्यात साधारण अकरा ते दोन या वेळेत. सकाळी नऊचे कोवळे ऊन सुखाचे असते, परंतु या कामाला ते फारसे उपयोगी नाही. उद्यानाच्या वेळा ठरवणाऱ्यांनी बहुधा उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवला आणि तेच वेळापत्रक वर्षभर चालू राहिले.

आता जोडप्यांविषयी. हा धाक आपल्याच संस्कृतीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. माउंट रॉयलच्या दाट झुडपांत प्रेमिकांचे आणि इतरही नको ते प्रकार चालतात म्हणून 1950 च्या दशकात, महापौर ज्याँ द्रापो यांच्या शहर-शुद्धीकरणाच्या काळात, डोंगरावरची झुडपे आणि झाडे मोठ्या प्रमाणावर साफ करण्यात आली. नीतिमत्तेसाठी केलेली ती तोड म्हणूनच आजही ओळखली जाते. परिणाम असा झाला की मुळांचा आधार गेलेली माती पावसाबरोबर वाहू लागली आणि लोक डोंगराला टकला डोंगर म्हणू लागले. पुढच्या दशकात तेथे हजारो झाडे नव्याने लावावी लागली. प्रेमिकांना काही फरक पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या परिसरातल्या कुलपाने झाडे पडत नाहीत, हे खरे. मात्र त्यामागचा विचार तोच आहे: काही माणसे नकोत म्हणून जागाच कोणाला द्यायची नाही. एका शेजारीण काकूंनी गटावर लिहिले की सुनसान दुपारी तेथे एकट्या मुलीला भीती वाटेल, आणि हा मुद्दा मला गंभीर वाटतो. पण सुनसानपणा कुलपानेच येतो. बाकांवर वीस आज्या विणकाम घेऊन आणि आवळे सोलत बसल्या असतील, तर तेथे टवाळांचे काय चालणार आहे? जोडप्यांचे म्हणाल, तर तीही दोन माणसेच आहेत आणि बाकावर बसणे हा गुन्हा नव्हे. रखवालदाराचा पगार हा खरा खर्च आहे, त्यावर बोलावे. पाणी सकाळी लवकरही घालता येते, किंबहुना ते तसेच घालावे.

याच शहराने 2025 च्या नोव्हेंबरात वेगळे रूप दाखवले होते. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील मोठ्या संख्येने झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि अभिनेते सयाजी शिंदे यांनीही तेथे येऊन विरोध केला. साधूंची सोय आणि झाडे यांतले काय मोठे, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला दुरून जाणवले ते एवढेच की सर्वांत तळमळीने बोलणाऱ्यांत तपोवनात रोज फिरायला जाणारे लोक होते. ज्या सावलीत आपण कधी बसलोच नाही, तिच्यासाठी घसा कोरडा करणारे थोडे असतात. म्हणून उद्यानांच्या निधीतून नवे कारंजे, नवा पुतळा, रंगीत दिवे यांवर जो खल होतो, तो मला उलट टोकाकडून सुरू झालेला वाटतो. आधी माणसे आत येऊ द्यावीत.

आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आईकडे सकाळचे साडेसात झालेले असतात, आणि तेव्हा आमचे बोलणे होते. परवा तिने सांगितले की डिसेंबर ते फेब्रुवारी या तीनच महिन्यांत अकरा ते तीन फाटक उघडे ठेवावे, असा अर्ज केला असून त्यावर 31 सह्या झाल्या आहेत. विरोध करणाऱ्या एका काकांनीही, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहून, सही केली. तूर्त ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या पट्ट्यात बसते. पावणेबाराला शेजारच्या इमारतीची सावली तिच्या पायांपर्यंत येते, मग ती खुर्ची उचलून वर जाते.