अझ्टेक संपले कुठे?
मेक्सिकोच्या जुन्या अझ्टेक लोकांवरचा तुमचा लेख आवडला पण 'अझ्टेक नामशेष झाले' हे काही पटलं नाही बुवा. १५२१ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसने त्यांची राजधानी तेनोच्तित्लान पाडली, राज्य गेलं हे खरं, पण माणसं कुठे गेली? त्यांची नाहुआतल भाषा आजही मेक्सिकोत १५ लाखांहून जास्त लोक बोलतात, आणि झेंड्यावरचा निवडुंगावर बसलेला गरुडसुद्धा त्यांच्याच कथेतला.

आणि त्या शहरावरच आजची मेक्सिको सिटी उभी आहे ना, त्यामुळे खणलं की काहीतरी निघतंच. १९७८ ला वीज खात्याचे कामगार केबलसाठी खणत होते तर खाली कोयोल्शाउकी देवीची सव्वातीन मीटरची कोरीव शिळा, हातपाय तुटलेली देवी, भावानेच मारलेली (फोटो बघाच, अंगावर काटा येतो). मग आजूबाजूच्या इमारती पाडून अझ्टेकांचं मुख्य मंदिर मोकळं केलं. लेखात सूर्यशिळेवर (अझ्टेकांचा तो प्रसिद्ध गोल कोरीव दगड) एवढं लिहिलंत, हिचा उल्लेखच नाही राव!

बाकी टोमॅटो, चॉकलेट हे शब्द नाहुआतलमधून आलेत हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण आपल्या घोलवडच्या चिकूचं नावही स्पॅनिश चिकोसापोतेवरून, आणि तो शब्दही मूळचा नाहुआतलमधलाच. त्याच झाडाचा चीक अझ्टेक लोक च्युइंगमसारखा चघळायचे.