साउंड ब्लास्टरच्या आधी कॉम्प्युटर मुका नव्हता

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतीये, "कॉम्प्युटरला आवाज कसा मिळाला" टाइपची, वर बेज रंगाच्या जुन्या पीसीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात लिहिलंय की १९८९ साली साउंड ब्लास्टर कार्ड येईपर्यंत घरगुती कॉम्प्युटर फक्त बीप करायचे, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं त्यांना शक्यच नव्हतं, पीसीच्या स्पीकरमधून तर एका वेळी एक सूर सोडून काही निघूच शकत नाही, सॅम्पलिंग (खरा आवाज रेकॉर्ड करून त्याचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, वाजवणं) हे बड्या स्टुडिओंचं काम होतं, आवाज कापायची-जोडायची सोय विंडोज ९५ ने आणली, मॉड फाइली म्हणजे मिडीचीच हलकी कॉपी, आणि ८ बिट आवाज म्हणजे खेळण्यातली टींटीं. ज्या ग्रुपवर बघावं तिथं खाली "छान माहिती" आणि अंगठे. माहिती छान आहे हो, फक्त खरी नाहीये, म्हणून हे लांबलचक.

आधी तो "अशक्य" वाला दावा घेऊ. ॲपल टू हे १९७७ चं मशीन. त्यात आवाजाची चिपच नाही. मेमरीतला ४९२०० नंबरचा पत्ता वाचला की स्पीकरचा पडदा एकदा हलतो, टिक्, बस्स. पण हीच टिक् मशीन लँग्वेजमधून नेमक्या वेळी, सेकंदाला हजारो वेळा दिली तर त्यातून माणसाचा आवाज काढता येतो, आणि आवाज आत घ्यायला कॅसेट पोर्ट होताच. सायलस वॉर्नरने १९८१ च्या 'कॅसल वुल्फेनस्टाइन' गेममध्ये पहारेकऱ्यांना जर्मनमध्ये ओरडायला लावलं ते असंच. एका बिटचा, म्हणजे दोनच अवस्थांचा आवाज, खरखर भरपूर, पण ओरडतोय माणूस. साउंड ब्लास्टरच्या आठ वर्षं आधी.

कमोडोर ६४ ची गोष्ट तर मला भारी आवडते. त्याची सिड चिप सूर काढायला बनवलेली, सॅम्पल वाजवायची सोय कागदावर कुठेच नाही. पण चिपच्या पहिल्या आवृत्तीत एक दोष होता, मुख्य व्हॉल्यूम बदलला की स्पीकरमध्ये टक् असा आवाज यायचा. व्हॉल्यूमच्या पायऱ्या १६, म्हणजे ४ बिट. पोरांनी काय केलं, व्हॉल्यूम सेकंदाला काही हजार वेळा बदलत बसले आणि त्या टक् मधूनच सॅम्पल वाजवले, ड्रम, बोलणं, सगळं. पुढे कंपनीने ८५८० नावाची सुधारलेली चिप आणली, दोष बऱ्यापैकी गेला, आणि जुन्या गेममधलं बोलणं नव्या मशीनवर एकदम पुटपुटल्यासारखं झालं. दुरुस्ती केली म्हणून आवाज गेला!

मॅकिंटॉश जानेवारी १९८४. पडद्यावरची एकेक आडवी ओळ काढून झाली की हार्डवेअर मेमरीतून आवाजाचा एक बाइट उचलायचं, सेकंदाला जवळपास २२,२५५ बाइट, ८ बिट. लाँचच्या दिवशी तो स्टेजवर बोलला ते रेकॉर्डिंग नव्हतं, शब्दांवरून बनवलेला कृत्रिम आवाज होता, हे मान्य, पण बाहेर पडला तो ह्याच वाटेने, आणि ह्या वाटेने रेकॉर्डिंगही तितकंच आरामात जातं.

आणि मग जुलै १९८५, कमोडोर अमिगा. इथे पोस्टवाल्याचा दावा पार झोपतो. अमिगाच्या पॉला चिपमध्ये सॅम्पलचे चार स्वतंत्र चॅनल होते, ८ बिटचे, प्रत्येकाला ६४ पायऱ्यांचा वेगळा व्हॉल्यूम, दोन डावीकडे दोन उजवीकडे. आणि खरी गंमत ही की प्रोसेसरला त्यात जवळजवळ काही करावंच लागत नाही, चिपला फक्त सांगायचं की सॅम्पल मेमरीत इथे आहे, इतका लांब आहे, ह्या वेगाने वाजव, की ती स्वतः मेमरीतून डेटा ओढत राहते. त्यात रेकॉर्डिंगची सोय नव्हती हे खरं, पण पॅरलल पोर्टला लावायच्या छोट्या डब्या मिळायच्या, एका बाजूला प्रिंटरचा पोर्ट, दुसऱ्या बाजूला टेपरेकॉर्डरची वायर.

आपल्याकडे अमिगा फार कोणी पाहिलाच नाही, आपली कॉम्प्युटरची आठवण सुरू होते असेंबल केलेल्या पीसीपासून आणि आवाजाची आठवण त्यात टाकलेल्या कार्डापासून, त्यामुळे पोस्ट वाचून लोकांना पटते ह्यात नवल नाही. पण आपण पाहिलं नाही म्हणजे झालं नाही असं थोडीच आहे.

बरं, आता पीसीचा स्पीकर. "एक सूर सोडून काही निघू शकत नाही." ह्यावर जरा थांबतो, कारण इथलं गणितच मजेशीर आहे. पीसीमध्ये एक टायमर चिप असते, इंटेलची ८२५३, ती सेकंदाला ११,९३,१८२ वेळा मोजते. स्पीकरला दोनच अवस्था, चालू किंवा बंद. पण पडदा जड असतो, तो इतक्या झपाट्याने पूर्ण आत-बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून दर ६४ मोजणीतला किती वेळ चालू ठेवायचा हे बदलत राहिलं की पडदा मधल्या कुठल्यातरी जागी राहतो, सीलिंग फॅनचं बटण भराभर चालू-बंद केल्यावर पंखा मधल्याच वेगाने फिरेल तसं. ६४ मोजण्या म्हणजे ६४ पायऱ्या, म्हणजे ६ बिट, आणि ११,९३,१८२ भागिले ६४ म्हणजे सेकंदाला साधारण १८,६४३ सॅम्पल, इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचा एकेक आकडा.

मग ८ बिट का नाही? करून बघा. २५६ पायऱ्या हव्या तर भागिले २५६, उत्तर येतं ४,६६१, आणि आता स्पीकर सेकंदाला तेवढ्यांदा चालू-बंद होतो त्याची शिट्टीच कानात जाते, आवाजापेक्षा मोठी. ६ बिटला ती १८ हजारांच्या वर जाते, तिथे बहुतेकांना ऐकू येत नाही आणि तो टिनपाट स्पीकर तिथे फारसा वाजतही नाही. ॲक्सेस सॉफ्टवेअर ह्या अमेरिकन गेम कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी 'रिअलसाउंड' नावाने हेच विकलं, ६ बिटचा रेकॉर्डेड आवाज, कुठलंही कार्ड न लावता, पीसीच्या पोटातल्या स्पीकरमधून.

अडचण होती ती वेगळीच. पहिल्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे दोन सॅम्पलच्या मध्ये प्रोसेसरच्या क्लॉकचे बरोबर २५६ ठोके. ८०८८ सारख्या संथ प्रोसेसरला तेवढ्यात बाइट उचलणं, टायमरला देणं, पुढे सरकणं ह्यातच बराचसा वेळ जातो, वर इंटरप्ट (माउस-कीबोर्डसारख्यांनी प्रोसेसरला मध्येच मारलेल्या हाका) बंद ठेवायचे नाहीतर आवाज अडखळतो. म्हणजे आवाज वाजतोय तोवर बाकी मशीन गोठलेलं. विंडोज ३.१ साठी मायक्रोसॉफ्टचा स्पीकर ड्रायव्हर होता तो ज्यांनी टाकलाय त्यांना हे आठवत असेल, टाडा वाजायचं आणि ते संपेपर्यंत माउससुद्धा हलायचा नाही. सेटिंगमध्ये "वाजवताना इंटरप्ट चालू ठेवा" अशी खूण होती, ती केली की माउस हलायचा आणि टाडाचं वाटोळं व्हायचं. तेव्हा "शक्य नव्हतं" नाही, "परवडत नव्हतं" म्हणा, ते बरोबर ठरेल.

मधला मार्गही होता. कोव्हॉक्स स्पीच थिंग, १९८० च्या दशकातलंच, प्रिंटर पोर्टला लागणारी डबी. आत काय? पोर्टच्या आठ डेटा पिना आणि रेझिस्टरची शिडी, संपलं. पोर्टला ० ते २५५ मधला आकडा पाठवला की तेवढा व्होल्टेज बाहेर. आजही लॅमिंग्टन रोडवरून मूठभर रेझिस्टर आणून हे बनवता येतं, मी बनवलंय, वाजतं, फक्त प्रिंटर पोर्ट असलेला कॉम्प्युटर शोधायलाच जास्त वेळ लागतो. आणि टँडी कंपनीने तर १९८८ मध्येच टँडी १००० च्या एसएल आणि टीएल मॉडेलमध्ये ८ बिटचा आवाज मदरबोर्डवरच दिला होता, रेकॉर्डिंगसकट.

"सॅम्पलिंग स्टुडिओंचंच", हा दावा अर्धा खरा. सिडनीचं फेअरलाइट १९७९ मध्ये आलं तेव्हा ते घेणारे खरोखरच गब्बर लोक होते. पण १९८७ पर्यंत चित्र बदललं. त्या वर्षी जर्मनीतल्या कार्स्टन ओबार्स्कीने अमिगासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिलं, चार चॅनल, १५ वाद्यं, वरून खाली वाजत जाणाऱ्या ओळी. नंतर इतरांनी त्याची सुधारलेली रूपं काढली, वाद्यं ३१ झाली, आणि युरोपातली शाळकरी पोरं बेडरूममध्ये बसून सॅम्पलवर गाणी रचायला लागली.

आता एडिटिंग, आणि "विंडोज ९५ ने आणलं" हे वाचून मी खरंच हसलो. डिजिडिझाइनचं 'साउंड डिझायनर' १९८५ चं, मॅकवर चालणारं. एम्युलेटर टू नावाच्या सॅम्पलर कीबोर्डमधला आवाज केबलने मॅकवर ओढायचा, पडद्यावर त्याची लाट बघत माउसने कापायचा, परत पाठवायचा. ह्याच कंपनीने पुढे १९९१ मध्ये प्रो टूल्स काढलं. फॅरॅलॉनचं मॅकरेकॉर्डर आलं तेव्हा सोबत साउंडएडिट होतं, अमिगावर एजिसचं ऑडिओमास्टर होतं, आणि खुद्द विंडोज ३.१ मध्ये १९९२ सालीच साउंड रेकॉर्डर होता, त्यात कापणं, उलटं वाजवणं, इको लावणं सगळं होतं. एका वेळी एक मिनिटच रेकॉर्ड करायचा, ते सोडा. (ज्यांनी जुन्या भजनांच्या कॅसेट कूल एडिटमध्ये साफ केल्यात त्यांना "विंडोजने एडिटिंग आणलं" हे सांगून बघा.)

आणि त्या काळचं एडिटिंग हौस म्हणून नव्हतं, मेमरी नव्हती म्हणून करावंच लागायचं. प्रोट्रॅकर, साउंडट्रॅकरचंच एक सुधारलेलं रूप, अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये आजही चालतं, त्यात मी तबल्याचा एक "ना" टाकला होता. पहिलं काम, सुरुवातीची शांतता कापा, कारण तीही बाइट खाते आणि ठेका मागे पडतो. मग शेपटी कापा, पण एकदम कापली तर कट् असं ऐकू येतं, म्हणून ती हळूहळू शून्यावर आणा. तानपुऱ्यासारखा लांब सूर असेल तर त्याचा छोटासा तुकडा निवडून तोच फिरवत ठेवायचा, आणि जिथे तुकडा संपतो आणि जिथे सुरू होतो तिथली उंची जुळली नाही तर प्रत्येक फेरीला टिकटिक. आणि एक खास पॉलाची खोड: सॅम्पल वाजून संपला तरी चॅनल थांबत नाही, तो सॅम्पलचे पहिले दोन बाइट फिरवत बसतो, म्हणून ते दोन बाइट शून्य करून ठेवायचे नाहीतर गाणं संपल्यावरही पाठीमागे बारीक शिट्टी. हे सगळं करणारी पोरं एडिटिंग करत नव्हती म्हणता?

मॉड, म्हणजे साउंडट्रॅकरसारख्या प्रोग्राममध्ये रचलेल्या गाण्याची फाइल, ही मिडीच का? नाही. मिडीत नुसत्या सूचना असतात, कुठला सूर कधी आणि किती जोरात, वाद्य समोरच्या मशीनचं, त्यामुळे एका कार्डवर बासरी वाजली ती दुसऱ्यावर पिपाणी होते. मॉडमध्ये वाद्यांचे सॅम्पल फाइलच्या आतच. १०८४ बाइटचं डोकं, मग एकेक पॅटर्न (गाण्याचा एक तुकडा) १०२४ बाइटचा, मग कच्चे सॅम्पल. समजा दहा पॅटर्न आणि १०० केबी सॅम्पल, म्हणजे फाइल १११ केबीच्या आसपास. नेहमीच्या वेगाने एक पॅटर्न ७.६८ सेकंद चालतो, तेच दहा उलटसुलट करून तीसदा वाजवले की गाणं पावणेचार मिनिटांच्या वर जातं. हेच गाणं २२ किलोहर्ट्झ, ८ बिट, मोनोमध्ये सरळ रेकॉर्ड करून ठेवलं तर पाच एमबी. अमिगाची फ्लॉपी ८८० केबीची! आणि सॅम्पलच्या नावाला जी २२ अक्षरांची जागा असायची तिथे लोक वाद्याचं नाव लिहायचं सोडून मित्रांना नमस्कार आणि विरोधकांना शिव्या लिहायचे, ते वाचायला फाइल उघडणं हा वेगळाच टाइमपास.

"८ बिट म्हणजे टींटीं." टींटीं येते ती सूर बनवणाऱ्या चिपमधून, सॅम्पलमधून नाही. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, दर बिटाला ६ डेसिबल धरले तर ४८, डॉल्बी नसलेल्या साध्या कॅसेटच्या फार मागे नाही. जुने सॅम्पल मंद आणि कोंदट वाटतात ते जास्त करून वेगामुळे. अमिगाच्या ट्रॅकरमधला सी-२ हा सूर युरोपच्या मशीनवर सेकंदाला ८,२८७ सॅम्पलने वाजतो, म्हणजे साधारण ४,१०० हर्ट्झच्या वरचं त्यात मावतच नाही, टेलिफोनसारखंच, आणि "स", "श" नेमके तिथेच वर असतात. त्यात अमिगा ५०० मध्ये एक फिल्टर, तो चालू केला की वरची धार आणखी कमी, बंद केला की पॉवरचा लाल दिवा मंद व्हायचा. गाणं सुरू झाल्यावर दिवा मंद झाला की कळायचं, रचणाऱ्याला कुरकुरीत आवाज हवाय.

मग साउंड ब्लास्टरने काय केलं? बरंच केलं, त्याचं श्रेय काढून घ्यायचं नाहीये मला. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने ॲडलिब ह्या आधीच्या कार्डाचं संगीत, ८ बिट सॅम्पल वाजवणं, माइकने रेकॉर्ड करणं आणि जॉयस्टिकचा पोर्ट हे सगळं एका कार्डात घातलं, आणि सॅम्पल डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, स्वतः मेमरीतून ओढणारं हे कार्ड पीसीच्या गेममध्ये घरोघरी गेलं, म्हणजे वर म्हणालो ती मशीन गोठण्याची कटकट गेली. पण सॅम्पलचा चॅनल त्यात एकच, मोनो. अमिगाची चार चॅनलची मॉड फाइल त्यावर वाजवायची तर चारही चॅनलची बेरीज प्रोसेसरने करायची. सॅम्पलचे अनेक चॅनल कार्डातच मिसळून देणारं, पीसीवाल्यांच्या हातात आलेलं ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड १९९२ चं, म्हणजे अमिगाच्या सात वर्षांनी.

त्या पोस्टच्या कमेंटमध्ये कोणीतरी असंही लिहिलंय की ह्या मॉड फाइली आता कशावरच वाजत नाहीत. व्हीएलसीत टाका, वाजतात. आत काय चाललंय ते बघायचं असेल तर ओपनएमपीटी फुकट आहे, सॅम्पलची लाट उघडून बघता येते. फक्त हेडफोन लावणार असाल तर त्यात स्टिरिओ सेपरेशन आधी कमी करा, अमिगाचे दोन चॅनल पूर्ण डावीकडे आणि दोन पूर्ण उजवीकडे असतात, ड्रम एकाच कानात बसले की दहा मिनिटांत डोकं धरतं.