श्वास मोजा म्हणे!

आज दुपारी एका हॉलमध्ये 'ताणतणाव व्यवस्थापन' ऐकून आलो. तेव्हापासून डोकं फिरलंय. समोर बसलेल्या सगळ्या विडी कामगार बायका. वक्ते बाहेरगावचे, स्लाइडवर सूर्योदय. म्हणाले, रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजा, रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा. माझ्या शेजारच्या मावशी पुटपुटल्या, "आन् नळाला पानी आलं तर कोन भरायचं ओ?" पाणी चार-पाच दिवसांनी येणार, हजार विड्या वळल्याशिवाय उठता येत नाही, त्यातल्या छाटमध्ये, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्यांत, गेलेल्या वेगळ्याच. आणि यांनी श्वास मोजायचे!

मला राहून राहून अण्णा आठवत होते. मिल चालू होती तेव्हा त्यांच्यासोबत शाळेला निघालो की मला पळावं लागायचं. भोंगा व्हायच्या आत गेटवर. मिल बंद पडली आणि अण्णांची चालच गेली. तीच वाट, पण दर कोपऱ्यावर थांबायचे. आई म्हणायची, गुडघे धरलेत. तेल लावायची बिचारी.

पुढं एम. ए.ला मारिएनथाल वाचलं. व्हिएन्नाजवळचं गाव, कापडगिरणी बंद पडलेली. मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सोबत्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला, १९३३ साली पुस्तक आलं. या लोकांनी चक्क घड्याळ लावून रस्त्यावरची चाल मोजली होती. पुरुष हळू चालायला लागले होते. रिकामा वेळ ढीगभर, तरी वाचनालयातून पुस्तकं कमी जायला लागली. ते पान वाचून मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. गुडघे नव्हते ओ ते.

अख्ख्या गावाची मिल जाते आणि आपण एकेकाला म्हणतो, सकारात्मक विचार करा. समुदाय मानसशास्त्राचं अमेरिकेत बारसं झालं १९६५ला. माणूस एकटा आजारी पडत नाही, त्याची गल्ली, त्याचा पगार, त्याचं घर सगळं त्यात असतं, एवढं साधं सांगणं. साठ वर्षं झाली, आपल्याकडे अजून सूर्योदयच.

अण्णांना माणसात कुणी आणलं माहितीये? समोरच्या अक्कांनी. मांडीवर सूप, बोटं चालू, तोंडात तेलुगू-मराठीची मिसळ. एक दिवस ओट्यावरून हाक मारली, "अन्ना, कारखान्यात आमचा हिशोब कमी धरतेत. तुमी लिहून ठेवा की." बस्स. अण्णा जाऊन बसले. कुणाच्या किती विड्या, छाट किती, पीएफ कापला का. महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या वह्या आमच्या घरात. अक्कांनी 'तुम्हाला कसं वाटतंय' असं एकदाही विचारलं नाही. काम सांगितलं.

झिम्बाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ला हरारेत हेच ओळखलं. दवाखान्याच्या आवारात बाकडी टाकली आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्ज्या बसवल्या. लोक येऊन बोलायला लागले. आपल्याकडे ओटे आयते आहेत, आज्ज्याही आहेत. त्यांना शिकवा. आणि हो, पैसे द्या! उद्या हेही काम फुकटात आशाताईंच्या डोक्यावर टाकाल, तुमचा काय नेम.

बरं, मान्य. ओटा म्हणजे काय देवघर नव्हे. त्याच ओट्यानं एका सुनेला 'बाहेरचं आहे' म्हणत वर्षभर देव-देव फिरवलं. तिला डॉक्टर हवा होता, गोळ्या हव्या होत्या. म्हणून तर शिकवा म्हणतोय. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, तो हॉलच्या बॅनरवर नाही, त्या ओट्याच्या भिंतीवर पाहिजे.

आता जरा शांत झालोय. तो वक्ता पोरगा वाईट नव्हता खरं तर. घसा बसला होता त्याचा, दिवसातला तिसरा कार्यक्रम असेल.

निघताना मावशींनी फॉर्म माझ्या हातात दिला. 'कार्यक्रम कसा वाटला?' म्हटलं, काय लिहू?

"चांगला लिवा की. नाय तर पुढच्या बारीला पोहे बी द्यायचे नाहीत."

लिहिलं.