छिन्नीने कोरलेला मुकुट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या मार्टिनी-हेन्री कार्बाईनवरच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश लष्करी आखूड बंदुकीवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "मुकुट, व्ही.आर., एनफील्ड, सगळं लख्ख दिसत असताना नुसते फोटो बघून नकली ठरवणं ही घरबसली पंडितगिरी आहे." (व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं, एनफील्ड म्हणजे ब्रिटिशांचा सरकारी बंदूक-कारखाना.) शिवाय माझ्या लेखातली सालाची चूक, लाकूड, वजन, आणि आजोबांनी ती वायव्य सरहद्दीवरून आणल्याची हकिकत.

सालाचं मान्य. १८७१ हे रायफलचं साल, घोडदळाची कार्बाईन १८७७ ची. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण "पंडितगिरी"? फोटो तुम्हीच पाठवलेत, मत तुम्हीच मागितलंत. मनासारखं आलं नाही म्हणून माणसाची लायकी काढायची, ही कुठली रीत? आणि "नकली" हा शब्द माझ्या लेखात शोधून दाखवा. मी "हातघडणीची" असं लिहिलं होतं, आणि ते आदराने लिहिलं होतं.

एकतीस वर्षं मी टूलरूममध्ये काढली. हजारो भागांवर अक्षरी पंच, म्हणजे अक्षराचा ठसा उमटवणारे पोलादी खिळे, ठोकले. पंचाच्या एका घावात अक्षर उमटतं, त्याचा तळ सपाट आणि खोली सारखी असते. छिन्नीने कोरलेली रेघ तुटकतुटक चालते, वळणावर घसरते. तुमच्या मुकुटाची कड तशीच घसरली आहे. हे ओळखायला पुस्तक लागत नाही, हात काळे झालेले असावे लागतात.

त्याच बॉडीवर 'एनफील्ड' मधलं इंग्रजी एन अक्षर उलटं आहे. खाली साल आहे १९०५. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ ला वारली. ती गेल्यावर चार वर्षांनी एनफील्डचा सरकारी कारखाना तिची आद्याक्षरं ठोकत बसला होता का? पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदम खेलमध्ये लोहार पिढ्यान् पिढ्या अशा बंदुका घडवत आले. समोर अस्सल बंदूक ठेवून, भाता, कानस आणि छिन्नीच्या जोरावर. इंग्रजी अक्षरं त्यांच्यासाठी नक्षी होती, म्हणून ती उलटी पडत. अस्सल कार्बाईनवर सालाखाली आय.सी. १ असा छाप असतो. तुमच्या फोटोत तिथे कोरी जागा आहे.

लाकूड आणि वजन यांनी काही ठरत नाही, त्यात शिरत नाही.

राहिले आजोबा. त्यांच्या शब्दावर मी कुठे शंका घेतली? सरहद्दीवरून आणली म्हणता, तर ही बंदूक घडलीही तिथेच. तुमची घरची हकिकत माझ्याच बाजूने साक्ष देते, हे रागाच्या भरात तुमच्या लक्षात आलं नाही.

नळीच्या आतला फोटो पाठवा. अस्सल मार्टिनी-हेन्रीच्या नळीत आतून सात पिळदार खाचा असतात. मोजून कळवा, आणि या वेळी नीट भाषेत कळवा.