तीस ग्रॅमांचा हिशेब

गेल्या जुलैत माझ्या पोटाने सलग चार दिवस असहकार पुकारला. बेळगावच्या पावसाळ्यात छत्री वाळत नाही, माणूस घराबाहेर पडत नाही, पाण्याची तहान लागत नाही आणि चहाची मात्र दर तासाला लागते. सोबतीला कांदाभजी असली की दिवस कसा जातो ते कळत नाही. जे जायला हवे ते जात नाही, हे मात्र चांगले कळते. (सीमाभागातील प्रत्येक हौशी वक्ता अशा वेळी पोटाची तुलना सीमाप्रश्नाशी करतो, म्हणून मी ती टाळतो.) पाचव्या दिवशी मी टिळकवाडीतल्या डॉक्टरांपुढे जाऊन बसलो.

"पाणी किती पिता?" त्यांनी विचारले.

"सात-आठ कप."

"कप?"

"चहा धरून," मी खालच्या आवाजात म्हणालो.

मग त्यांनी मला माझाच अंतर्भाग समजावून सांगितला. लहान आतडे सुमारे ६ मीटर आणि मोठे सुमारे दीड मीटर लांब असते. मोठे आतडे आलेल्या मालातले पाणी शोषून घेते, आणि माल जितका जास्त वेळ तिथे मुक्काम करतो तितका तो अधिक कोरडा होतो. लोंढ्याला क्रॉसिंगसाठी खोळंबलेल्या गाडीत मी तरुणपणी पुष्कळ बसलो आहे, त्यामुळे परिस्थिती माझ्या लगेच ध्यानात आली. गाडी हलायची तर आहारात तंतू म्हणजे फायबर हवे, मोठ्या माणसाला रोज २५ ते ३० ग्रॅम, असे डॉक्टर म्हणाले. शेवटी त्यांनी आणखीही काही सांगितले. पण मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून नोकरी केलेली असल्याने आकडा कानावर पडल्यानंतरचे मला सहसा ऐकू येत नाही.

घरी येऊन मी वही आखली आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर आणला. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, नाचणीत त्याहून थोडे जास्त, आणि ज्याच्या वासावर आम्ही खानापूरकडचे लोक जन्मभर लुब्ध झालो त्या पांढऱ्याशुभ्र तांदळात जेमतेम ३! साठ वर्षे मी दोन्ही वेळा भाताचा डोंगर उपसला होता, म्हणजे खात्यावर केवढी थकबाकी असणार, या विचाराने मला घाम फुटला. थकबाकी एकरकमी फेडायची, असे मी ठरवले. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी हुलग्याची उसळ आणि दोन भाकऱ्या, चारला पेरू, रात्री कोबी आणि पुन्हा भाकरी.

"अहो, ते पोट आहे, पतपेढी नव्हे," सौभाग्यवती म्हणाल्या. परंतु वहीत पहिल्या दिवसाची बेरीज ४१ आली होती आणि मी यशाने धुंद झालो होतो.

शेजारच्या अक्का गोकाककडच्या. त्यांनी कुंपणावरूनच निदान केले, "होट्टे नोवा? मज्जिगी कुडीरी!" (म्हणजे कानडीत, पोट दुखते का? ताक प्या!) आणि मी होय-नाही म्हणण्याआधी तांब्याभर ताक पाठवून दिले. त्याच रात्री मेहुण्याच्या आग्रहावरून इसबगोलही आणले. अर्ध्या पेल्यात दोन चमचे इसबगोल घालून मी ढवळले, तेवढ्यात मेहुण्याचाच फोन आला. इसबगोल म्हणजे बियांवरची टरफले, पाणी शोषून अनेक पटींनी फुगणे हा त्यांचा धर्म, आणि मेहुण्याचा धर्म लांबण बोलणे. फोन ठेवून पाहतो तो पेल्यात चमचा कुणाच्याही आधाराशिवाय ताठ उभा होता. मी त्याला एकीकडे कलवले; तो सावकाश, विचार करून, पुन्हा सरळ झाला. फेकून देण्याची आमच्या घराण्यात पद्धत नसल्याने मी तो ऐवज चमच्याने खाल्ला आणि वर पाणी न पिता झोपलो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. अध्यक्षांनी दिवंगत सभासदांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली आणि नेमक्या त्या शांततेत माझे पोट बोलू लागले. सुरुवातीला दूरच्या ढगांसारखी गुडगुड झाली, मग बशीतून चहा ओढल्यासारखा दीर्घ सूर निघाला आणि अखेरीस प्रश्नार्थक शेवट झाला. ज्या कार्यकारिणीत चहासोबत बिस्किटे असावीत की चिवडा यावर आजवर एकमत झालेले नाही, तिचे सर्व सभासद त्या क्षणी एकाच दिशेने पाहत होते.

डॉक्टर वही पाहून पोट धरून हसले. त्यांना ते परवडत होते. तंतू एकदम वाढवले की मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू तयार करतात, म्हणून हे प्रमाण आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि पाणीही त्याच्या जोडीने वाढवावे; इसबगोल तर पेलाभर पाण्यात मिसळताक्षणी प्यावे, नाहीतर त्याचाच बोळा बसतो. हे सगळे त्यांनी पहिल्याच दिवशी, ३० या आकड्यानंतर सांगितले होते म्हणे.

मग मी शहाण्यासारखा वागू लागलो. दुपारी एक भाकरी, तीही नीट चावून. सकाळी आईच्या पद्धतीची अंबील, म्हणजे नाचणीचे पीठ शिजवून, निववून, ताकात कालवलेले, वर जिरे आणि ठेचलेला लसूण. आणि कपाऐवजी तांब्याने पाणी. काही पोटात गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते आणि सकाळी तर विशेष, असे कळल्यामुळे अंबिलीनंतरची पंधरा मिनिटे मी वर्तमानपत्राला न देता योग्य ठिकाणी देऊ लागलो. बाराव्या दिवशी गाडी सुटली, तीही वेळेवर.

ही वार्ता सौभाग्यवतींनी कुंपणापलीकडे पोचवली असावी, कारण संध्याकाळी अक्का स्वतः आल्या, हातात पाव किलो कुंदा घेऊन. तासन्‌तास आटवलेल्या दुधाचा तो तपकिरी, तुपकट, रवाळ गोळा मी वजनकाट्यावर ठेवला, वही उघडली आणि तंतूंच्या रकान्यात प्रामाणिकपणे शून्य लिहिले. मग पेलाभर पाणी प्यायलो आणि चमचा मागितला.