खुलासा: कामाचा ग्रुप म्यूट केला तरी मेसेज येतात
रत्नागिरी-सिंधुदुर्गात ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका यांच्यात एक मेसेज फिरतोय: "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट केला की मेसेज बंद होतात आणि अ‍ॅडमिनला कळतं." दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. म्यूटने आवाज आणि व्हायब्रेशन थांबतं, मेसेज येतच राहतात, आणि कोणी म्यूट केलंय हे अ‍ॅडमिनला दिसत नाही.

म्यूट करताना ८ तास, १ आठवडा, कायम असे पर्याय येतात. ८ तास निवडा. ड्युटी संपेपर्यंत ते आपोआप सुटतं. 'कायम' लावून लोक विसरतात, खरी चुकामूक तिथेच होते.

डोकं भणभणतं ते वेगळ्याच कारणाने. गुड मॉर्निंगची फुलं, तीच पीडीएफ पाच ग्रुपवर, आणि त्यात बुडालेला रेड अलर्टचा आदेश! आदेशांचा ग्रुप वेगळा काढा, सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनला ठेवा, आणि तो पिन करा. हा एकच ग्रुप म्यूट करायचा नाही. बाकीचे ठरलेल्या वेळी, दिवसातून दोन-तीनदा उघडले तरी पुरे. मुदतीचा मेसेज दिसताच स्टार करा.

वाशिष्ठी किंवा जगबुडी नदीचं पाणी चढत असेल, तर मात्र ग्रुपवर निरोप टाकून निर्धास्त राहू नका. वाडीतला टॉवर बंद पडला की मेसेज पोचतच नाही. स्वतःचा मेसेज दाबून धरा, 'माहिती' उघडा, कुणाला पोचला ते नावानिशी दिसतं. यादीत नसलेल्यांना फोन करा, आणि फोनही लागला नाही तर शेजारच्या वाडीतून माणूस पाठवा.